दवाच्या थेंबांतून सच्छिद्र पॉलिमर फिल्म : काही महिने वापरल्यानंतर

क्लोरोफॉर्ममधलं पॉलिमरचं द्रावण दमट हवेत काचेवर टाकलं की क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवेतली वाफ त्यावर थेंबांच्या रूपात जमते आणि ते थेंब शेजारी शेजारी दाटीने बसतात. आधी क्लोरोफॉर्म जातो, मग पाणी. थेंबांच्या जागी भोकं उरतात. विडाव्स्की, रॅविसो आणि फ्रांस्वा यांनी १९९४ मध्ये ताऱ्यासारख्या शाखांचं पॉलिस्टायरिन वापरून अशी मधाच्या पोळ्यासारखी फिल्म दाखवली. छोट्या नमुन्यांसाठी पद्धत उत्तम आणि स्वस्त आहे, पण ढिलाई चालत नाही.

सगळे आर्द्रतेच्या मागे लागतात. खरा फरक पॉलिमर पाडतो. साधं रेषीय (सरळ, बिनशाखांच्या साखळीचं) पॉलिस्टायरिन थेंबांना नीट वेगळं ठेवत नाही, ते एकमेकांत मिसळतात आणि भोकं लहानमोठी होतात. साखळीच्या टोकाला कार्बोक्झिल गट (पाण्याची ओढ असलेला अणूंचा गट) असेल तर तो पाण्याकडे वळतो आणि थेंबाभोवती कवच धरतं. थर्माकोल, म्हणजे हेच साधं पॉलिस्टायरिन, विरघळवून सुबक जाळी मिळेल ही आशा सोडा.

सुरुवातीला १ मिलि क्लोरोफॉर्मला १० ते २० मिग्रॅ पॉलिमर घ्या आणि २२ मिमीच्या कव्हरस्लिपवर (सूक्ष्मदर्शकासाठीची पातळ काच) १०० मायक्रोलिटर टाका. द्रावण दाट केलं की भोकं साधारणतः लहान होतात. झाकणाच्या डब्यात पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं की २५ अंशांना आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. साध्या मिठाने ७५. एसीच्या खोलीत उघड्यावर केलेल्या फिल्मवर विसंबू नका. द्रावण दुधाळ होऊन पूर्ण वाळेपर्यंत झाकण उघडायचं नाही. तिरक्या प्रकाशात इंद्रधनुषी रंग दिसले तर जाळी जमली.

फिल्म पारदर्शक राहिली तर आर्द्रता कमी पडली. पांढरी झाली पण रंग नाहीत, म्हणजे थेंब एकत्र झाले: आर्द्रता फार किंवा बाष्पीभवन फार संथ. कडेचा भाग नेहमीच बिघडतो, मोजमाप मधूनच घ्या. टेट्राहायड्रोफ्युरान हा दुसरा द्रावक पाण्यात मिसळतो, म्हणून सुरुवातीला टाळा. क्लोरोफॉर्मच्या बाटलीचं लेबल वाचा: क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात इथेनॉल किंवा अमिलीन घालतात. इथेनॉलने स्थिर केलेला आणि अमिलीनने स्थिर केलेला, या दोन्हींचे निकाल एकत्र मोजू नका.

क्लोरोफॉर्म विषारी आहे, काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. पण हूडचा झोत थेंबांची रांग मोडतो, म्हणून बंद डबाच हूडमध्ये ठेवायचा. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून क्लोरोफॉर्म लवकर आत शिरतो. शिंतोडा उडाला की लगेच बदला. पॉलिस्टायरिनच्या पेट्री डिश त्यात विरघळतात, काचेच्याच घ्या.

पेशी वाढवायला किंवा गाळणीसाठी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी. फिल्म पाण्याला दूर सारते, भोकांत हवा अडकून राहते. आधी इथेनॉलने ओली करून मग पाण्याने अदलाबदल केली, तरच भोकं भरतात.