हबगिअरची सायकल: कॉन्स्टन्स सरोवराची प्रदक्षिणा आणि नंतरचे महिने

ही सायकल वसंतात घेतली, उन्हाळ्यात तिच्यावरून मैत्रिणीबरोबर कॉन्स्टन्स सरोवराला प्रदक्षिणा घातली, आणि आता पानगळ सुरू झाली तरी रोज चालवते आहे. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगते: सरोवराकाठची गावं बघायची असतील तर सायकल किती पळते यापेक्षा ती किती सहज थांबते ते बघा. कुठे बोटींचा धक्का, कुठे चौक, कुठे पोहायची जागा. त्या वाटेवर दर थोड्या वेळाने उतरायचंच असतं.

माझ्या सायकलचे आठही गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागाच्या, आत बंद आहेत. पुढच्या हबमध्ये डायनॅमो, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर आणि ४७ मिलिमीटर रुंद टायर. वजन १८ किलोच्या आसपास. जिन्यावरून उचलताना ते हातांना चांगलंच जाणवतं, रस्त्यावर मात्र कधी जड वाटली नाही.

प्रदक्षिणेचा मार्ग साधारण २६० किलोमीटरचा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जातो. काठाची वाट बहुतेक सपाट आहे. काठावरच्या कॉन्स्टान्झ शहरातून निघून आम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेलो. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे ऊबरलिंगेनपासून पुढे पाणी बहुतेक वेळ आपल्याच बाजूला राहतं आणि काठावर उतरायला रस्ता ओलांडावा लागत नाही. जाणार असाल तर हीच दिशा घ्या.

हबगिअरचं खरं सुख गावात शिरल्यावर कळलं. डिरेलरचा, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, गिअर बदलायला पेडल फिरत राहावं लागतं. हबचा गिअर सायकल उभी असतानाही बदलतो. लिंडाऊ बेटावर गर्दीत अचानक ब्रेक दाबावा लागला, की मी पाचव्या गिअरमध्ये अडकून राहत नव्हते. थांबल्याजागी दुसरा टाकायचा आणि हलकेच निघायचं. बंदरात शिरायच्या वाटेवर एका बाजूला दगडी सिंह आणि समोर ३३ मीटर उंच दीपस्तंभ, दोन्ही १८५६ सालचे. तिथे तर सगळेच मध्येच थांबतात. चढावर मात्र गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडावा लागतो, नाहीतर हब ऐकत नाही. मीर्सबुर्गच्या वरच्या गावाकडे जाणारा दगडी फरसबंदीचा चढ चांगलाच उभा आहे. तिथे पहिला गिअर आधीच टाकून ठेवा. अर्ध्या चढानंतर आम्ही सरळ उतरून सायकली ढकलल्या.

तार नवी असताना थोडी ताणते, म्हणून पाचवा गिअर कधीकधी कुरकुरायचा. उपाय सोपा आहे. चौथा गिअर टाकायचा आणि मागच्या चाकाजवळ, तार हबला मिळते तिथे, दोन बारीक पिवळ्या खुणा शोधायच्या. त्या एका रेषेत नसतील तर मूठीजवळची तारेची गोल चकती हळूहळू फिरवायची. खुणा जुळल्या की कुरकुर बंद. आर्बोनला बाकावर बसून हे केलं, त्यानंतर आजपर्यंत हात लावावा लागला नाही.

स्टँड मात्र निराश करणारा निघाला. सोबत आलेला एकपायी स्टँड रिकाम्या सायकलला ठीक आहे, पण मागे दोन भरलेल्या पिशव्या लावल्या की सायकल कलंडते. फ्रीडरिशहाफेनला जुन्या बंदर रेल्वे स्थानकातलं झेपेलिन या प्रचंड हवाई जहाजांचं संग्रहालय बघायला पिशव्या काढून आत न्यायच्या होत्या. एक काढली की दुसऱ्या बाजूला तोल जायचा. (पहिलं झेपेलिन याच शहराजवळ २ जुलै १९०० रोजी सरोवरावरून उडालं. त्या इमारतीत उभं राहून बाहेरचं पाणी बघणं मला फार मोलाचं वाटलं.) परतल्यावर दोन पायांचा स्टँड बसवून घेतला. आता कॉन्स्टान्झ ते मीर्सबुर्ग फेरीबोटीवर, डेक थरथरत असतानाही, सायकल नीट उभी राहते. ही फेरी १९२८ पासून चालू आहे. पंधराएक मिनिटांत पलीकडे नेते, आणि मला अजूनही ती कंटाळवाणी झालेली नाही.

वाऱ्याबद्दल एक महत्त्वाचं. काठावर वादळाची सूचना देणारे नारिंगी दिवे आहेत: मिनिटाला ४० वेळा चमकले तर जोराचा वारा येऊ शकतो, ९० वेळा चमकले तर वादळ. ते होड्यांसाठी लावलेले असले तरी सायकलवाल्यांनीही बघावेत. पिशव्या लावलेल्या सायकलला आडवा वारा शिडाला ढकलावं तसा ढकलतो. स्वित्झर्लंडच्या बाजूला रोमान्सहोर्नच्या अलीकडे दिवे भराभर चमकताना दिसले तेव्हा आम्ही मुक्काम तिथेच केला. तासाभरात पाणी काळवंडलं.

पावसात आणि चिखलात चेनकव्हरने चेन कोरडी ठेवली, इतकी की या सगळ्या महिन्यांत तेल फार थोडं लागलं. डायनॅमोमुळे दिवा चार्ज करायची चिंता नाही.

मागचं चाक पंक्चर झालं तर मात्र काम वाढतं: गिअरची तार सोडवायची, मग १५ मिलिमीटरच्या पान्याने दोन्ही नट. मी आता चाक काढतच नाही. टायर एका बाजूने उचकटून ट्यूबचा पंक्चर झालेला भाग बाहेर ओढते आणि तिथेच ठिगळ लावते. पाना मात्र पिशवीत कायम असतो.