टॅबची बॅटरी : तेरा महिन्यांच्या वापरानंतर

मुद्रितशोधनाचे माझे बहुतेक काम गेल्या काही वर्षांत कागदावरून टॅबवर आले आहे. प्रकाशकाकडून पीडीएफ येते, ती साडेदहा इंची पडद्यावर उघडून पेनाने खुणा करायच्या आणि परत पाठवायची. पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात हे काम दिवसाला आठ-नऊ तास चालते. सध्याचा अँड्रॉइड टॅब मी तेरा महिन्यांपूर्वी घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे परीक्षण त्या टॅबचे नसून त्याची बॅटरी मी कशी सांभाळली आणि त्यातून काय हाती लागले, याचे आहे.

या काळजीचे मूळ आधीच्या टॅबमध्ये आहे. वीज गेली तरी काम अडू नये म्हणून तो दोन वर्षे दिवसरात्र चार्जरला जोडून ठेवला होता. एका सकाळी खूण करताना पडद्याची उजवी कड बोटाला किंचित वर आलेली जाणवली. टॅब टेबलावर आडवा ठेवला, तर तो सपाट न बसता डुगडुगू लागला. बॅटरी फुगली होती. दुरुस्ती करणाऱ्याने टॅब हातात घेताच पहिला प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, हा कायम शंभरावरच असायचा का?’’ (अशी बॅटरी दाबून बसवू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जही करू नये, टॅब बंद करून जाणकाराकडे द्यावा.)

त्या प्रश्नानंतर माझ्या लक्षात आले, की ‘बॅटरी टिकणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एकदा चार्ज केल्यावर टॅब किती तास चालतो, ही एक आणि ती बॅटरी किती वर्षे तग धरते, ही दुसरी. पहिलीचा संबंध विजेच्या खर्चाशी आहे, दुसरीचा उष्णतेशी आणि चार्ज करण्याच्या सवयीशी. नव्या टॅबसाठी मी एक जुनी वही काढली आणि दोन्हींच्या नोंदी ठेवू लागले.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर पडद्याचा उजेड हाच सर्वांत मोठा गिऱ्हाईक निघाला. माझ्या टॅबची बॅटरी ७०४० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे साधारण २७ वॅट-तासांची आहे. उजेड पूर्ण ठेवून एक तास वाचन केले की १६ ते १७ टक्के जात. तोच उजेड ४० टक्क्यांवर आणला की ९ ते १० टक्के. घरात, खिडकीला पाठ करून बसले तर ४० टक्के उजेड पुरतो. स्वयंचलित उजेडाची सोय मात्र मी बंद केली, कारण डोक्यावरून पंख्याची सावली फिरली तरी पडदा कमी-जास्त होत असे आणि अनुस्वार शोधणाऱ्या डोळ्यांना ते सोसत नाही.

काळ्या पार्श्वभूमीने (डार्क मोडने) मात्र फार निराशा केली. पडदा ओएलईडी जातीचा असेल तर काळ्या भागातले ठिपके विझलेलेच राहतात आणि वीज खरोखर वाचते. माझा पडदा एलसीडी आहे, त्याच्या मागचा दिवा पान काळे असो वा पांढरे, सारखाच जळतो. वहीत तासाला अर्ध्या टक्क्याचाही फरक दिसला नाही. शिवाय काळ्यावर पांढरी देवनागरी वाचताना रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळल्यासारख्या दिसतात, त्यामुळे पंधरा दिवसांत मी पुन्हा पांढऱ्या पानावर आले.

चालू अ‍ॅप सतत पुसून टाकण्याची सवयही सोडली. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून यंत्र पडून असताना अ‍ॅपना झोपवण्याची व्यवस्था प्रणालीतच आहे, आणि पुसलेले अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. त्याऐवजी बॅटरीच्या वापराची यादी पाहून, फोटो आपोआप चढवणारे एक अ‍ॅप आणि बातम्यांचे एक अ‍ॅप पार्श्वभूमीत चालणार नाही एवढे केले.

सिमकार्डाचा धडा चिखलदऱ्याला मिळाला. मुक्कामी नेटवर्क एक काडी येई आणि जाई. पहिल्या रात्री टॅब नुसता उशाशी पडून होता, तरी सकाळी १४ टक्के कमी झाला होता. दुसऱ्या रात्री विमान मोड लावून झोपले तर २ टक्के. क्षीण संकेत पकडण्यासाठी यंत्राला जास्त ताकद लावावी लागते, हे ऐकून माहीत होते, पण इतका फरक असेल असे वाटले नव्हते.

आता आयुष्याची बाजू. लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेतला उच्च व्होल्टेज फार वेळ सोसत नाही. भरताना आधी मोठा प्रवाह जातो आणि शेवटी व्होल्टेज स्थिर धरून प्रवाह हळूहळू उतरवला जातो, म्हणूनच माझ्या नोंदीत २० ते ८० टक्क्यांना सव्वा तास लागतो आणि उरलेल्या २० टक्क्यांनाच जवळपास तासभर. सेटिंगमध्ये ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवशीच चालू केली. टेबलावर काम करताना टॅब आताही चार्जरला जोडलेला असतो, पण ८५च्या वर जात नाही. बाहेर दिवसभराचे काम असेल तर आदल्या रात्री नव्हे, तर निघायच्या आधी शंभर करते. २० टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ देत नाही, आणि दोन महिन्यांतून एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवते, ते बॅटरीच्या भल्यासाठी नव्हे. अर्धवट चार्जिंगने टक्क्यांचा अंदाज भरकटतो, तो पुन्हा जुळावा म्हणून.

हे सगळे नागपुरात राहून करायचे, ही खरी अडचण. बहुतेक कंपन्या टॅब वापरायला ० ते ३५ अंश तापमान योग्य मानतात, आणि आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी कूलर लावलेली खोलीसुद्धा त्या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असते. एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, आणि जाड रबरी कव्हरातला टॅब खिडकीजवळच्या टेबलावर राहून गेला. तासाभराने वीज आली, चार्जिंग सुरू झाले आणि दहा मिनिटांत थांबले. पडद्यावर तापमान वाढल्याची सूचना होती आणि मागची बाजू तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पोळीसारखी गरम लागत होती. मोह झाला, तरी टॅब फ्रिजमध्ये ठेवला नाही, कारण बाहेर काढताच आत दव धरण्याची भीती असते. कव्हर काढून फरशीवर ठेवला. तेव्हापासून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे पाच ते सातच्या दरम्यान, कव्हर काढून, उघड्या फरशीवरच होते. उशी, गादी आणि मोटारीचा डॅशबोर्ड या तीन जागा पूर्ण बंद.

महिन्यातून एकदा तीच पीडीएफ, तोच ४० टक्के उजेड आणि वायफाय चालू ठेवून टॅब शंभरावरून ५ टक्क्यांपर्यंत उतरवायचा, अशी चाचणी मी ठेवली आहे. पहिल्या महिन्यात ९ तास ५० मिनिटे मिळाली होती, तेराव्या महिन्यात ९ तास २० मिनिटे मिळाली. जुन्या टॅबची अशी नोंद नाही, पण वर्षभरातच, चार्जरवरून काढून बाहेर नेला की तो दुपारी दोनला मान टाकू लागला होता, एवढे आठवते.

सगळ्यात जाच वाटला तो ८५ टक्क्यांच्या मर्यादेचा, कारण दीड तासाचे वाचन रोज आपणहून सोडून द्यावे लागते आणि घाईच्या दिवशी ते फार जाणवते. बाकी शिस्त अंगवळणी पडली आहे. फक्त रविवारी भाचा येतो, उजेड पूर्ण चढवून कार्टून लावतो आणि टॅब मांडीवरच्या रजईत खुपसून बसतो. त्या दिवशी वहीत मी नोंद करत नाही.