नौपाड्यातलं ट्रॅव्हल ऑफिस: तिकीट काढून देतात आणि माणूस घरी पोचेपर्यंत फोन उचलतात

ठाण्यात परदेशाची तिकीटं कुठून काढायची असं सोसायटीच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारत असतं म्हणून सविस्तर लिहितोय. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हे ऑफिस आहे. बोर्ड लहान आहे, लिफ्ट नाही, मालकीणबाई (आम्ही मॅडम म्हणतो) आणि कामाला एक मुलगा एवढाच स्टाफ. पाच स्टार देतोय आणि मनापासून देतोय.

माझी ताई आणि दाजी न्यूझीलंडला असतात, वायकाटो भागात मॉरिन्सव्हिलजवळ त्यांचा डेअरी फार्म आहे. तिकडे बहुतेक फार्मवर सगळ्या गाई मे अखेरपर्यंत एकदमच आटवतात (दूध काढणं बंद करतात), जूनमध्ये जरा उसंत मिळते आणि जुलैच्या मध्यापासून गाई व्यायला लागतात, त्यामुळे आईला भेटायला यायचं तर जूनमध्येच आणि परत जायचं ते वेळेवरच. गाभण गाय कोणासाठी थांबत नाही आणि वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ते जगायची खात्री नसते. (पहिल्या चार दिवसांचं दूध तिकडे कारखान्याला घालता येत नाही, ते वासरांनाच, त्यातलंच थोडं काढून ताई खरवस करते, आईला फोटो पाठवते.)

इथून न्यूझीलंडला थेट विमान नाही. ॲपवर मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-ऑकलंड दुसऱ्या कंपनीचं अशी दोन वेगळी तिकीटं बरीच स्वस्त दिसत होती. मॅडमनी ती काढून द्यायला सरळ नकार दिला. म्हणाल्या, दोन तिकीटं वेगळी असली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नाही, पुढचं तिकीट बुडालं. एका पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंगवर) असेल तर तुम्हाला ऑकलंडला पोचवणं कंपनीची जबाबदारी. पैसे जास्त गेले पण पुढे जे झालं ते बघता हा एक सल्लाच त्यांच्या सगळ्या फीच्या वरचा आहे.

ताई-दाजी परत निघायच्या दिवशी जुलैचा पाऊस काय होता ते ठाणेकरांना सांगायला नको. मॅडमनी दुपारीच फोन करून सांगितलं की आत्ताच निघा, म्हणून जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) रखडूनही एअरपोर्टच्या टी-टू टर्मिनलला वेळेत पोचलो. पोचल्यावर कळलं विमानात टेक्निकल बिघाड आहे, रात्री साडेअकराचं विमान आता सकाळीच. काउंटरवर कोणी धड बोलेना, भाचा बॅगेवर डोकं ठेवून झोपलेला, ताई रडकुंडीला आलेली. मॅडमना मेसेज टाकला, पाचव्या मिनिटाला फोन आला. रात्री ८ ते पहाटे ३ च्या मधलं विमान ६ तासांच्या वर लेट झालं तर हॉटेल द्यावं लागतं असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा) नियम आहे, तो सांगा, आणि लेटचं कारण लेखी मागा. दाजींनी तसंच केलं, हॉटेल मिळालं.

खरी गंमत पुढे. पुढचं कनेक्शन हुकणारच होतं म्हणून कंपनीने परस्पर सिंगापूर-सिडनी-ऑकलंड असं नवीन तिकीट करून टाकलं. ताईचा पासपोर्ट भारतीय, तिच्याकडे न्यूझीलंडचा रेसिडेंट व्हिसा आहे, पण तेवढ्यावर ऑस्ट्रेलियात विमान बदलता येत नाही, ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट असतो पण आधी काढावा लागतो. हे काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं, मॅडमना होतं. त्यांनी रात्री कंपनीच्या एजंट डेस्कला फोनवर धरून दुसऱ्या दिवशीचं सिंगापूर-ऑकलंड थेट विमान मिळवलं. मधे सिंगापूरला एक रात्र पडली, पण ज्यांच्याकडे न्यूझीलंडचा व्हिसा आहे त्या भारतीयांना पुढचं तिकीट हातात असेल तर ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा बाहेर पडता येतं, तेही त्यांनीच सांगितलं आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड स्वतः ऑनलाइन भरून दिलं. विमान बदललं म्हणून न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लरेशनही (तिकडे जाण्याआधी भरायचा फॉर्म) बदलून दिलं. ते फुकट असतं बरं का, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

अजून एक, जे कुठल्याच ॲपने विचारलं नसतं. तिकीट काढतानाच मॅडमनी विचारलेलं की गावाला जाणार आहात का, गोठ्यात जाणार का. दाजी साताऱ्याला चुलत्यांच्या गोठ्यात जाऊन आले होते. आपल्याकडे गुरांचा लाळ्या-खुरकत रोग आहे आणि न्यूझीलंडमध्ये तो रोग आजवर कधीच आलेला नाही, अख्खा देश दुधावर चालतो, त्यामुळे ते लोक फार काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे. मॅडम म्हणाल्या, डिक्लरेशनच्या फॉर्मवर खरं लिहा, बूट घासून धुवून बॅगेत वरच ठेवा, मध, कढीपत्ता, पेढे काही नेऊ नका, न सांगता काही नेलंत तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. आईने बांधून दिलेले पेढे शेवटी आम्हीच खाल्ले, आईला वाईट वाटलं. ऑकलंडला तिथल्या अधिकाऱ्यांनी बूट नेऊन परत साफ करून आणून दिले, दंड नाही काही नाही.

एक बॅग मात्र सिंगापूरलाच राहिली. ऑकलंड एअरपोर्टवरून निघायच्या आधी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या, पत्त्यात आरडी (रुरल डिलिव्हरी, गावाकडच्या टपालाचा) नंबर टाका नाहीतर फार्मवर कुरिअर पोचणार नाही, हे सगळं मॅडम आपल्याकडे पहाट असताना मेसेजवर सांगत होत्या. पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली, त्यात अजून दोन तास गेले. फार्मवर पोचले तेव्हा अंधार पडलेला, थंडी कडक, आणि शेजाऱ्याने गेटवरच सांगितलं पहिल्या दोन गाई व्यायल्या, वासरं चांगली आहेत. ताई आत न जाता तशीच शेडकडे गेली.

बॅग नंतर आली, चाक तुटलेलं. सामान खराब झालं तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी क्लेम टाकायचा असतो, ते पत्रही ऑफिसातल्या मुलाने लिहून दिलं. क्लेम अजून चालू आहे.

कमी काय तर फी ऑनलाइनपेक्षा जास्त आहे. दुपारी १ ते ४ बंद, रविवारी बंद. मॅडम बोलायला थोड्या कडक आहेत, घासाघीस केलेली अजिबात चालत नाही. बसायला दोनच खुर्च्या, शनिवारी संध्याकाळी जिन्यात उभं राहावं लागतं. वयस्कर माणसांना जिना जड जाईल, त्यांनी फोन केला तर मुलगा खाली येऊन कागद घेऊन जातो. ऑफिसला जाताना पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि तिकडचा व्हिसा प्रिंट करूनच न्या, मोबाईलवर दाखवलेलं त्या घेत नाहीत.