हुतात्मा बागेजवळ भाड्यानं राहायचं असेल तर

सोलापुरात पार्क चौकाच्या मागच्या गल्लीत वन आरके घेतलंय. खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी बागेच्या बाजूला. एजंट 'गार्डन फेसिंग' म्हणून भाव वाढवतात, त्याला भुलू नका. बाग दिसते खरी, पण मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की तिची झाडं तुमचा स्लॅब काही गार करत नाहीत. वर दुसरा मजला असलेलीच खोली बघा, कूलर धरा.

खरा प्रश्न पाण्याचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरून आलेल्यांना कोणी सांगत नाही. म्हणून भाड्याआधी हौद किती मोठा आणि बोअर आहे का, ते विचारा. आमच्या मालकीणबाई पाणी आलं की जिन्यातून हाक मारतात, "अहो, भरून घ्या हो पटकन!" मोटर त्यांच्या हातात, त्यामुळे त्यांच्याशी गोड बोलून राहावं लागतं.

सकाळ मात्र वसूल. भुईकोट किल्ल्याच्या तटाला लागून फिरायचं, चार हुतात्मा पुतळ्यांपाशी चहा प्यायचा. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चौघांचे हे पुतळे. रिक्षावाल्यालाही हाच पत्ता सांगा.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा होम मैदानावर भरते. पाळणे, भोंगे, गर्दी. गाडी बाहेर काढायचं विसरा. अभ्यासाला खोली हवी असेल तर जानेवारीत इकडं येऊ नका. मला तर ती यात्रा आवडते, मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज, बघायला घरी पाहुणेही येतात. डिपॉझिट परत मिळण्याचं तेवढं लिहून घ्या.