खडेबाजारातली रिपेरी : डेस्क माइक, तीन खेपा, साडेतीनशे रुपये

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक मामांनीच बजावलंय, "मास्तर, लिवायचं तर लिवा, पण नाव घालू नका. आधीच मिक्सर ठेवायला जागा न्हाई." खडेबाजारातून आत वळलं की जिन्याखालची खोली, एवढी खूण पुरे. बेळगावात ज्यांच्या गच्चीवर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाची अँटेना आहे, त्यांना कळलंच असेल.

माझ्या रेडिओ सेटचा डेस्क माइक जुन्या बाजारातला. मानेवर इलेक्ट्रेट कॅप्सूल म्हणजे आवाज पकडणारी बारकी डबी, बुडात तो आवाज वाढवणारा दोन ट्रान्झिस्टरचा प्रीअँप, पुढे दाबून बोलायची पट्टी, शेवटी आठ पिनांचा गोल प्लग. गेल्या पावसाळ्यात ४० मीटर बँडवर (आम्हा हॅमवाल्यांची एक लहरपट्टी) जो तो सांगायला लागला, आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय. एका ठिकाणी दाखवला. त्यांनी ६०० रुपये घेऊन कॅप्सूल बदलली आणि डबाही गेला, नुसती कुजबूज उरली.

मग इथं आलो. मामांनी आधी माइकला हातच लावला नाही. "सेट कुठला? माइकला व्होल्टेज देणारा का न देणारा?" माझ्या सेटमधून दोन नंबरच्या पिनेवर ८ व्होल्ट येतात. तिथून रेझिस्टरमधून कॅप्सूलला. मी तिथं शहाणपण पाजळलं. म्हटलं, इलेक्ट्रेट माइक १९६२ साली बेल लॅबमध्ये वेस्ट आणि सेसलर यांनी काढला, त्यात विद्युतभार कायमचा मुरवलेला असतो, मग त्याला वेगळी वीज कशाला? मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भार हाय की. पण त्यो इतका अशक्त, वायरीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा न्हाई. म्हणून त्या डबीतच एक फेट, म्हंजे एक जातीचा ट्रान्झिस्टर, बसवलेला असतो. जेवण त्या फेटला लागतंय." तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असं एका वाक्यात मला जमलं नसतं.

कॅप्सूल उलटी करून भिंगाखाली दाखवली. पाठीवर डागाचे दोन ठिपके. त्यातल्या एकापासून बारीक रेघा निघून डबीच्या कडेला मिळतात, तो अर्थिंगचा. आधीच्या कारागिराने नेमक्या त्याच ठिपक्यावर ८ व्होल्टची तार लावलेली. मीटरवर जेमतेम ०.६ व्होल्ट दिसत होते. तारांची अदलाबदल केली, ५.९ झाले. आवाज परत आला, तो अर्थातच पत्र्याच्या डब्यातलाच!

म्हणजे मूळ दुखणं तसंच होतं. कॅप्सूलच्या तारेवर व्होल्टेज आणि आवाज दोन्ही एकत्र असतात. पुढच्या ट्रान्झिस्टरकडे फक्त आवाज जायला हवा, म्हणून मध्ये एक कपॅसिटर. डीसीला म्हणजे त्या स्थिर व्होल्टेजला अडवतो, आवाजाला सोडतो. त्याच्या अंगावर १ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर भरला ०.०८. आत वाळून गेलेला. कपॅसिटर लहान झाला की खर्जातला आवाज अडतो आणि नुसता चिरका पुढे जातो. बाकी काही बिघडलं नव्हतं. आधीच्यांनी हा एक भाग तपासला असता तर माझी जुनी कॅप्सूल वाचली असती. ती त्यांनी परतही दिली नाही.

दुसऱ्या खेपेला माइक घरी आणला, तर सेट १०० वॅटवर लावून बोललो की आवाज फाटायला लागला. अँटेनाचीच लहर केबलवरून माइकमध्ये शिरते आणि पहिला ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागून तिचा आवाज करतो. मामांनी त्या ट्रान्झिस्टरच्या बेस पायापासून अर्थपर्यंत ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला, सात नंबरच्या पिनेवरची हिरवी बुरशी खरवडली, विषय संपला. आता खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळे सांगतात, आवाज तुमचाच आहे. एकाने तर 'मास्तर, सर्दी बरी झाली का?' म्हणून विचारलं.

तक्रारी आहेत. सकाळी अकराच्या आधी कुलूप, दुपारी जेवायला गेले की चारपर्यंत परत पत्ता नाही. फोन उचलत नाहीत. पावती मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहून देतात. प्लगचा एक स्क्रू हरवला तो अजून मिळालेला नाही. पण बदललेला कपॅसिटर आणि माझ्या सर्किटचं हाताने काढलेलं चित्र न मागता पुडीत बांधून दिलं. बोलायची पट्टी अडकून बसायची ती मात्र तशीच आहे. त्याचं विचारलं तर म्हणाले, "गणपती झाल्यावर या." कुठल्या वर्षीचे, ते विचारायला विसरलो.