खोपोलीच्या वीजकेंद्राची चालती प्रतिकृती : शाळांनी घ्यावी का?

जळगावच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आमच्या शाळेने खोपोली जलविद्युत केंद्राची चालती प्रतिकृती घेतली असून, आठवी ते दहावीच्या वर्गांत ती वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. लाकडी चौकटीवर घाटाचा उतार, वर वळवण तलावाचे नाव रंगवलेली पत्र्याची टाकी, तिच्यातून खाली येणारी नळी, पायथ्याशी पाण्याच्या धारेने फिरणारे पेल्टन चक्र, त्याला जोडलेला छोटा डायनॅमो आणि एलईडी दिवा, अशी तिची मांडणी आहे.

प्रतिकृतीचे खरे मोल त्या चक्रात आहे. चक्राच्या कडेची प्रत्येक वाटी दुहेरी असून मधोमध धारदार कणा ठेवला आहे. तोटीतून सुटलेली धार कण्यावर आदळून दुभंगते, दोन्ही खोलगट भागांतून वळते आणि जवळजवळ आल्या दिशेलाच परत फेकली जाते, त्यामुळे पाण्याचा बहुतेक सगळा जोर चक्राला मिळतो. सपाट पाती लावूनही चक्र फिरले असते आणि दिवाही मिणमिणला असता, पण मग ते पेल्टन चक्र राहिले नसते. कारागिराने हा बारकावा जपला, याचे मनापासून कौतुक वाटते. टाकी वरच्या खाचेत सरकवली की दिवा लगेच प्रखर होतो, आणि खोपोलीला सुमारे 525 मीटर उंचीवरून पाणी का आणले, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

सोबतची माहितीपुस्तिका मात्र या कारागिरीच्या तोडीची नाही. तिच्यात खोपोलीला देशातील पहिले जलविद्युत केंद्र म्हटले आहे. वास्तविक दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग केंद्र 1897 मध्ये सुरू झाले आणि कावेरीवरील शिवनसमुद्रमची वीज 1902 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. खोपोलीचे मोठेपण पहिलेपणात नाही, साठवणीत आहे. सह्याद्रीवर पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज बारा महिने हवी होती. म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे धरणे बांधून पावसाळ्याचे पाणी अडवले, ते कालव्याने घाटमाथ्यावर आणले आणि तेथून लोखंडी नळांतून खाली सोडले. टाटांच्या या कामाची पायाभरणी 1911 मध्ये झाली आणि 1915 मध्ये वीज मुंबईला पोहोचली. ज्या गिरण्यांत खानदेशचा कापूस जात असे त्या या पाण्यावर चालू लागल्या, हे आपल्या मुलांना कळायलाच हवे. उन्हाळ्यात गिरणा आणि पांझरा कोरड्या पडलेल्या पाहणाऱ्या मुलांना साठवणीचे महत्त्व पटवायला एक परिच्छेद पुरला असता, पण पुस्तिकेत तलावांची केवळ नावे आहेत.

शेवटच्या पानावर भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) या पुढच्या केंद्रांचा उल्लेख आहे. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला, याविषयी एक ओळही नाही. धरणाचा इतिहास शिकवताना बुडालेली गावे वगळणे मला मान्य नाही.

आणखी एक विधान दुरुस्त करायला हवे. सर्व धरणांवर असेच चक्र असते, असे पुस्तिका सांगते. आपल्या तापीवरच्या उकाई धरणाचे पाणी नवापूर तालुक्यापर्यंत पसरले आहे. तेथे पाण्याची उंची कमी आणि प्रवाह मोठा, म्हणून जहाजाच्या पंख्यासारखी पाती असलेली कॅप्लान चक्रे बसवली आहेत. खानदेशातल्या दुकानाने खानदेशच्या नदीबद्दल तरी अचूक लिहावे, ही अपेक्षा रास्त आहे.

नळी आणि तोटी यांच्या जोडावरचे रबरी वायसर लवकर सैल होऊन पाणी गळू लागले, तेव्हा दुकानदाराने कुरकुर न करता ते बदलून दिले आणि दोन जादाही दिली. प्रतिकृती शाळांनी अवश्य घ्यावी. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेपर्यंत शिक्षकांनी साठवण, मुळशी आणि उकाई या तीन गोष्टी स्वतः तयार करून वर्गात जाव्यात, आणि टाकीत गाळलेलेच पाणी भरावे, कारण तोटीचे छिद्र बारीक असल्यामुळे वाळूच्या एका कणानेही धार वाकडी होते.