जावास्क्रिप्टचं प्रॉमिस.ऑल आठ महिने वापरल्यावर: वेग आहे, लगाम नाही

अ‍ॅरेवर मॅप, आत असिंक फंक्शन (उत्तराऐवजी प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळायच्या उत्तराची हमी, परत देणारं) आणि वरून सगळ्या प्रॉमिसची एकत्र वाट बघणारं प्रॉमिस.ऑल. वीस-तीस रिक्वेस्टपर्यंत ही जोडी उत्तम चालते. कुठलीही आधी संपो, उत्तरं मूळ अ‍ॅरेच्याच क्रमाने लागतात. पण ५०० आयडी दिले की समोरचा सर्व्हर ४२९ (फार जास्त रिक्वेस्ट आल्याची एरर) पाठवू लागतो. खापर फुटतं प्रॉमिस.ऑलवर, ते बिचारं तर फक्त वाट बघतं. मॅप फिरतानाच ५०० कामं सुटलेली असतात.

त्यातलं एक फसलं की प्रॉमिस.ऑल लगेच रिजेक्ट होतं, म्हणजे एरर देऊन संपतं. बाकीची कामं मात्र चालूच राहतात आणि त्यांची उत्तरं वाया जातात. म्हणून २०२० मध्ये भाषेत आलेलं ऑलसेटल्ड (सगळी कामं संपेपर्यंत थांबून प्रत्येकाचा निकाल देणारं) सगळीकडे लावावं, असं माझं मत होतं. आता नाही. ते कधी रिजेक्टच होत नाही, त्यामुळे प्रत्येक नोंदीचा स्टेटस बघितला नाही तर एरर गुपचूप गिळली जाते. शिवाय सर्व्हरवरची गर्दी तेवढीच.

फॉर-ऑफ लूपमध्ये अवेट केलं, म्हणजे एक रिक्वेस्ट संपल्यावरच पुढची सोडली की गर्दी संपते, पण दर रिक्वेस्टला २०० मिलिसेकंद धरले तरी ५०० ला १०० सेकंद जातात. एका वेळी पाच सोडल्या तर साधारण २०. ही मर्यादा घालायची सोय प्रॉमिस.ऑलमध्ये नाही, हीच माझी मुख्य तक्रार. तेवढ्यासाठी आणखी एक पॅकेज ओढून आणणं मला पटत नाही, कारण काम दहा-बारा ओळींचं आहे.

अ‍ॅरेच्या एंट्रीजचा (इंडेक्स आणि घटक अशा जोड्यांचा) एकच इटरेटर, म्हणजे मागेल तशी पुढची जोडी देणारा ऑब्जेक्ट, काढा. पाच असिंक वर्कर सुरू करा आणि प्रत्येकात त्याच इटरेटरवर फॉर-ऑफ फिरवा. हाती आलेल्या घटकावर अवेट करा, उत्तर रिझल्टच्या अ‍ॅरेत त्याच इंडेक्सवर ठेवा. प्रॉमिस.ऑल लावायचं ते या पाच वर्करवर. इटरेटर सामायिक असल्याने एकच घटक दोघांकडे जात नाही.

एरर पकडणारा ट्राय-कॅच लूपच्या आतच हवा. बाहेर ठेवलात तर पहिल्या एररला तो वर्कर संपतो, उरलेले चार काम ओढत राहतात. या इटरेटरऐवजी जनरेटर (यील्डने एकेक घटक देणाऱ्या फंक्शनचा इटरेटर) दिला असेल तर आणखी वाईट: एररमुळे लूप तुटताना जनरेटरच बंद होतो, मग बाकीचे वर्करही हातातलं काम झालं की थांबतात आणि उरलेल्या घटकांना कुणी हात लावत नाही.

फिल्टरमध्ये असिंक फंक्शन देऊ नका. प्रॉमिस कायम ट्रूथी (अटीत खरं धरलं जाणारं), काहीच गाळलं जात नाही. फॉरईच तर वाटही बघत नाही.